दुसऱ्याच्या गाडीत गाणं बसवणारा माणूस

आमच्या द्रोणागिरीत सकाळी दोन आवाज ठरलेले असतात. एक न्हावा-शेव्याच्या बंदराकडे निघालेल्या कंटेनर-ट्रेलरांचा आणि दुसरा खाडीकाठच्या टिटव्यांचा. गेल्या महिन्यात त्यांत तिसऱ्याची भर पडली. आमच्या अकरा वर्षांच्या गाडीबरोबर आलेला डेक कायमचा मुका झाला, तेव्हा मुलाने फोनवरूनच फर्मान काढलं, की आता नुसता डेक बदलू नका, सगळंच नीट करून घ्या. त्याने पैसे पाठवले आणि उरणचा एक तरुण कारागीर हत्यारांची पेटी घेऊन आमच्या इमारतीखाली हजर झाला.

दोन दिवस मी खुर्ची टाकून त्याच्याजवळ बसलो. निवृत्त माणसाला दुसऱ्याचं काम पाहत बसण्यासारखं सुख नाही. डॅशबोर्ड उघडला गेला, दारांची आतली पॅनेलं निघाली, त्यांत नवे स्पीकर बसले. पुढच्या सीटखाली जाडजूड पुस्तकाएवढा अँप्लिफायर गेला, डिकीत वूफरचा खोका आला. बॅटरीपासून करंगळीएवढी जाड लाल वायर निघाली आणि फ्यूजमधून थेट अँप्लिफायरपर्यंत पोचली. कंपनीच्या डेकमध्येही अँप्लिफायर असतोच, पण तो चिमुकला. आवाज वाढवला की त्याला दम लागतो आणि गाणं फाटतं, म्हणून ताकदीचं काम वेगळ्या पेटीकडे सोपवायचं, असं त्याने मला समजावून दिलं. चाळीस वर्षं गाडीत गाणी ऐकूनही मला हे ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी सगळं जोडून झालं. त्याने गाडी सुरू केली आणि गाण्यामागे एक बारीक शीळ ऐकू येऊ लागली. ॲक्सिलरेटर दाबला की शीळ चढायची, सोडला की उतरायची. पोराचा चेहरा पडला. दुसरा अख्खा दिवस त्याने या एका शिळेमागे घालवला.

त्याच्या खिशात मोटोरोलाचा फोन होता. या नावाचा अर्थ माहीत आहे का, असं मी त्याला विचारलं. माहीत नव्हता. ते नाव त्याच्याच धंद्यातून निघालेलं आहे आणि ज्याने ते ठेवलं तो माणूसही गाडीतल्या असल्याच आवाजांशी भांडत होता, हे ऐकल्यावर त्याने पान्हा खाली ठेवला. त्याला सांगितलेली गोष्टच आज इथे थोडी विस्ताराने सांगतो.

पॉल गॅल्व्हिन हा २९ जून १८९५ रोजी अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात, हार्वर्ड या गावी जन्मला. विद्यापीठाचं हार्वर्ड ते हे नव्हे. हे दूधदुभत्याचं, रेल्वेमार्गावरचं लहानसं गाव. कर्जतला गाडी थांबली की वडेवाले खिडक्यांशी धावतात, तसा हा तेरा वर्षांचा पोरगा तिथे थांबणाऱ्या गाड्यांच्या प्रवाशांना पॉपकॉर्न विकायचा. पुढे सँडविचही विकू लागला. धंदा बरा चालतो असं दिसताच गावातली बाकीची पोरंही त्यात उतरली आणि स्पर्धा म्हणजे काय ते त्याला मिसरूड फुटण्याआधी कळलं.

शिक्षणात त्याने फार दिवे लावले नाहीत. इलिनॉय विद्यापीठात दोन वर्षं काढली आणि सोडून दिलं. पहिल्या महायुद्धात तोफखान्यात अधिकारी म्हणून तो फ्रान्सला जाऊन आला. परतल्यावर लग्न केलं आणि १९२१ मध्ये एडवर्ड स्ट्युअर्ट या मित्राबरोबर विस्कॉन्सिन राज्यातल्या मार्शफील्ड इथे बॅटऱ्यांचा कारखाना काढला. तिथेच १९२२ मध्ये त्याचा मुलगा रॉबर्ट जन्मला. पुढच्या वर्षी कारखाना बुडाला. थकलेल्या करापोटी सरकारने टाळं ठोकलं. असं सांगतात, की गॅल्व्हिन त्या दिवशी दुपारी जेवायला म्हणून बाहेर पडला आणि परत आला तर दाराला सील. आत राहिलेला त्याचा ओव्हरकोटसुद्धा त्याला काढू दिला नाही.

बायको आणि तान्हं मूल घेऊन तो शिकागोला आला, एका मिठाई-गोळ्यांच्या कारखानदाराकडे नोकरीला लागला. नोकरी चांगली होती, पण बॅटरीचं खूळ डोक्यातून जाईना. १९२६ मध्ये पुन्हा त्याच स्ट्युअर्टबरोबर बॅटऱ्यांचाच धंदा सुरू केला आणि १९२८ मध्ये तोही बुडाला.

इथे मी जरा थांबतो, कारण आयुष्यभर मी कर्जाच्या फायली वाचल्या आहेत. समजा, हा माणूस १९२८ साली माझ्या टेबलासमोर येऊन बसला असता. वय तेहेतीस. पदवी नाही. एकाच धंद्यात, एकाच भागीदाराबरोबर, सात वर्षांत दोनदा दिवाळं. एकदा कर थकवून जप्ती. तारण काही नाही. मी चहा पाजून त्याला वाटेला लावलं असतं आणि घरी जाऊन शांत झोपलो असतो.

बुडालेल्या कंपनीच्या मालाचा लिलाव झाला, त्यात गॅल्व्हिनने स्वतःच बोली लावली. त्याला हवं होतं फक्त एक यंत्र. त्या काळी घरातले रेडिओ बॅटरीवर चालत. बॅटऱ्या महाग, वरचेवर संपायच्या, ॲसिड सांडून गालिचे जळायचे. घराघरांत वीज आली होती, पण जुन्या रेडिओला ती चालत नव्हती. या दोहोंमध्ये बसवून बॅटरीची गरजच संपवणारी एक पेटी त्या कंपनीने बनवली होती. तिला नावच बॅटरी एलिमिनेटर. पेटी बनवण्याची सामग्री गॅल्व्हिनने विकत घेतली आणि धाकटा भाऊ जोसेफ याला बरोबर घेऊन २५ सप्टेंबर १९२८ रोजी गॅल्व्हिन मॅन्युफॅक्चरिंग कॉर्पोरेशन स्थापन केली. शिकागोतल्या हॅरिसन स्ट्रीटवर भाड्याची जागा, हाताशी खेळतं भांडवल ५६५ डॉलर, कामगार पाच. पहिल्या आठवड्याचा पगार सगळ्यांचा मिळून ६३ डॉलर झाला.

जेमतेम वर्ष गेलं आणि ऑक्टोबर १९२९ मध्ये अमेरिकेचा शेअरबाजार कोसळला. त्यातच थेट विजेवर चालणारे रेडिओ बाजारात आले, म्हणजे एलिमिनेटरचंही आयुष्य संपत आलं. मंदीत नवा रेडिओ घेणार कोण? गॅल्व्हिन इतरांच्या नावाने रेडिओ बनवून देत होता, त्यांच्याही मागण्या आटल्या. तिसऱ्यांदा बुडायची वेळ आली होती.

अशा वेळी त्याच्या कानावर आलं, की पूर्वेकडच्या शहरांत काही दुकानदार गिऱ्हाइकाच्या मोटारीत रेडिओ बसवून देतात. ही कल्पना त्याची नव्हे, हे स्पष्ट सांगायला हवं. मोटारीत रेडिओ ठेवण्याचे खटाटोप १९२२ पासूनच चालले होते. पण ते रेडिओ महाग होते आणि चालत्या गाडीत नीट ऐकू येईलच याची खात्री नसे. गॅल्व्हिनने वेगळा विचार केला. आपल्याला गाडी बनवायची नाही. रस्त्यावर आधीच लाखो गाड्या आहेत. त्यांतल्या कुठल्याही गाडीत बसेल आणि मध्यमवर्गाला परवडेल असा रेडिओ आपण बनवायचा.

हे काम सोपं नव्हतं, आणि का नव्हतं ते उरणच्या त्या पोराला मी सांगण्याआधीच कळलं. मोटार ही मुळात गाण्याची शत्रू. इंजिनातल्या प्रत्येक स्पार्क प्लगची ठिणगी म्हणजे एक छोटी वीज. ती कडाडली की रेडिओ लहर निर्माण होते आणि रेडिओ ती इमानाने पकडतो. त्यावर डायनामोची घरघर, खड्ड्यांत बसणारे हादरे, काचेच्या नाजूक व्हॉल्व्हची थरथर. शिवाय त्या गाड्यांची बॅटरी सहा व्होल्टची आणि व्हॉल्व्हना हवा शंभराच्या वर दाब. म्हणून गाडीची फळी उचकटून खाली वेगळ्या बॅटऱ्या ठेवायच्या, टपाच्या अस्तरात एरियलची तार शिवायची, डॅशबोर्डखाली रेडिओ आणि कुठेतरी पायांपाशी स्पीकर बसवायचा. बटणं मात्र सुकाणूच्या दांड्यावर, तिथून रेडिओपर्यंत लवचीक तार. चालवणाऱ्याच्या हाताशी बटणं, ताकदीची पेटी दुसरीकडे, आवाजाचा कर्णा तिसरीकडे, ही आजची विभागणी तेव्हाही होतीच.

या कामात त्याच्याबरोबर दोन तरुण होते, विल्यम लिअर आणि एल्मर वेव्हरिंग. लिअर म्हणजे ज्याच्या नावाची खासगी जेट विमानं पुढे जगभर उडाली तोच. १९६० च्या दशकात गाडीत वाजणारी आठ ट्रॅकची टेपही त्यानेच आणली. वेव्हरिंगने पुढे डायनामोच्या जागी आल्टर्नेटर रूढ करण्यात मोठा वाटा उचलला. आमच्या गाडीतली शीळ त्या आल्टर्नेटरचीच होती, म्हणजे वेव्हरिंगने एक आवाज घालवला आणि दुसरा आणला, असं गमतीने म्हणता येईल. या त्रिकूटाने ठिणग्यांना एकेक करून गप्प केलं. प्लगच्या तारांत रोध घातले, डायनामोला कंडेन्सर जोडले, तारांवर धातूची वेष्टणं चढवली.

याच सुमाराला गॅल्व्हिन कर्ज मागायला एका बँकरकडे गेला. आता मी माझ्या जातभाईची गोष्ट सांगतो आहे, तेव्हा सावरून सांगतो. बँकरचं मन वळावं म्हणून गॅल्व्हिनने आपली माणसं पाठवून त्याच्या पॅकार्ड गाडीत रेडिओ बसवून दिला. रेडिओ बसवून अर्धा तास होतो न होतो तोच पॅकार्डने पेट घेतला, असं सांगतात. कर्ज अर्थातच मिळालं नाही. मी ही गोष्ट प्रथम वाचली तेव्हा पोट धरून हसलो. मग माझ्या लक्षात आलं, की गाडी पेटली नसती तरी ते कर्ज बहुधा मिळालं नसतंच.

जून १९३० मध्ये अटलांटिक सिटीला रेडिओ उत्पादकांचं अधिवेशन होतं. तिथे गाळा घ्यायला पैसे नव्हते. गॅल्व्हिनने आपल्या स्टुडबेकर गाडीत रेडिओ बसवला आणि शिकागोहून आठशे मैल गाडी हाकत तो समुद्रकाठच्या त्या शहरात गेला. अधिवेशनाच्या धक्क्याजवळ गाडी उभी केली आणि आवाज मोठा केला. येणारे-जाणारे व्यापारी थबकत, डोकावत, प्रश्न विचारत. आपल्याकडे जत्रेत खेळणीवाला करतो त्याहून यात वेगळं काही नव्हतं. पण मागण्या आल्या. कंपनी तगून राहण्याइतक्या आल्या.

या रेडिओसाठी नाव हवं होतं. त्या काळी अमेरिकेत वाजणाऱ्या वस्तूंच्या नावामागे ‘ओला’ लावायची टूम होती. ग्रामोफोनचा व्हिक्ट्रोला सर्वांना ठाऊक होता. मोटारीतला म्हणून मोटोरोला. तो रेडिओ शंभर-सव्वाशे डॉलरला विकला जाई. आजच्या मानाने ही किंमत क्षुल्लक वाटेल, पण मंदीच्या काळात त्या पैशांत मोटारीचा पाचवा हिस्सा आला असता. वर बसवण्याची मजुरी निराळी आणि गाडी दोन-तीन दिवस गराजमध्ये अडकून पडायची ती निराळीच. गॅल्व्हिन स्वतः गाडी घेऊन गावोगाव विक्रेते शोधत हिंडायचा. रेडिओ बनवणं हे अर्धंच काम. तो नीट बसवणारा माणूस गावात नसेल तर गिऱ्हाईक शिव्या कारखानदारालाच घालतं, हे त्याने ओळखलं होतं.

शिव्या इतरांकडूनही मिळाल्या. गाणं ऐकता ऐकता चालक डुलक्या घेतील, त्याचं रस्त्यावर लक्ष राहणार नाही, अशी ओरड झाली. मॅसॅच्युसेट्स राज्यात आणि सेंट लुईस शहरात गाडीतल्या रेडिओवर बंदी घालण्याचे प्रस्तावही आले. आमच्या घरात नव्या डेकच्या पडद्याविषयी हाच मुद्दा आमच्या सौभाग्यवतींनी काढला. त्यांचं म्हणणं मला रेडिओपेक्षा पडद्याच्या बाबतीत अधिक पटतं.

पुढची वाट चढणीची असली तरी सरळ होती. गाडीच्या बॅटरीवरूनच उच्च दाब तयार करणारा व्हायब्रेटर आला आणि फळीखालच्या बॅटऱ्या गेल्या. आजच्या अँप्लिफायरच्या पोटातही हेच काम चालतं, फक्त थरथरणाऱ्या पातीऐवजी ट्रान्झिस्टर ते करतात. १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत टायरच्या दुकानांतूनही मोटोरोला बसवून मिळू लागला आणि मजुरीसकट किंमत पंचावन्न डॉलरवर आली. १९३६ मध्ये पोलिसांच्या गाड्यांसाठी खास रेडिओ निघाला. त्याच वर्षी गॅल्व्हिन कुटुंबासह युरोपात हिंडून आला, जर्मनी पाहून अस्वस्थ झाला, युद्ध येणार अशी त्याची खात्री पटली. परतल्यावर त्याने संशोधन त्या दिशेला वळवलं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांच्या हातातला हँडी-टॉकी आणि पाठीवरचा वॉकी-टॉकी ही दोन्ही यंत्रं त्याच्या कारखान्यातली.

कारखाना भरभराटीला आला असताना, ऑक्टोबर १९४२ मध्ये, त्याची पत्नी लिलियन आणि घरात काम करणारी बाई या दोघींची एव्हान्स्टनच्या राहत्या घरी गोळ्या घालून हत्या झाली. गुन्हेगार सापडला नाही. बुडालेल्या दोन्ही धंद्यांच्या काळात लिलियन त्याच्याबरोबर होती. १९४५ मध्ये त्याने पुन्हा लग्न केलं. १९४७ मध्ये कंपनीने आपलं नाव बदलून रेडिओचंच नाव घेतलं आणि त्याच वर्षी कामगारांना नफ्यात वाटा देण्याची योजना सुरू झाली. १९५६ मध्ये मार्शफील्डला जन्मलेला तो मुलगा, रॉबर्ट, कंपनीचा अध्यक्ष झाला. ५ नोव्हेंबर १९५९ रोजी पॉल गॅल्व्हिन रक्ताच्या कर्करोगाने गेला. चौसष्टाव्या वर्षी. १९६९ मध्ये चंद्रावरून माणसाचा आवाज पृथ्वीवर आणणारं यंत्र मोटोरोलाचं होतं आणि १९७३ मध्ये हातात धरून बोलायचा पहिला मोबाइल फोनही. यातलं काहीच त्याने पाहिलं नाही.

शिकागोचा विषय निघाला म्हणून एक गंमत सांगतो. जुन्या सभांच्या छायाचित्रांत गांधीजी-नेहरूंसमोरच्या माइकवर शिकागो रेडिओ अशी पाटी दिसते. लहानपणी मला वाटायचं, हे माइक अमेरिकेतून येतात. ती कंपनी मुंबईतल्या मोटवाने कुटुंबाची. गॅल्व्हिनशी तिचा काही संबंध नाही. पण त्या काळी आवाज मोठा करणाऱ्या वस्तूला शिकागोच्या नावाने वजन येत असे, एवढं मात्र खरं.

आपल्याकडच्या फियाट-अँबॅसॅडर बहुधा मुक्याच यायच्या. रेडिओ किंवा टेप नंतर बसवून घ्यायची, त्यासाठी मुंबईत लॅमिंग्टन रोडची वारी करायची. मारुती आली आणि गावोगाव टेप बसवणारे उगवले. १९९० च्या आसपास मी कोकणातल्या एका शाखेत कर्जविभाग पाहत होतो, तेव्हा असाच एक तरुण आला होता. एका मेकॅनिकच्या हाताखाली शिकलेला, स्वतःचं दुकान काढायचं होतं. पंधरा हजार मागत होता. तारण नव्हतं, जामीन नव्हता, आधी एका हॉटेलात पैसे घालून बुडाला होता. तेही त्याने आपण होऊनच सांगितलं. मी अर्ज नाकारला. नियमाप्रमाणे माझं चुकलं नव्हतं. त्याचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही. नाव आठवत नाही, पण बाहेर पडताना त्याने खुर्ची नीट टेबलाखाली सरकवून ठेवली होती, ते आठवतं.

आमच्या गाडीतली शीळ दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला गेली. अँप्लिफायरची अर्थची वायर ज्या बोल्टला लावली होती त्याखाली रंगाचा थर होता. पोराने तो घासून लखलखीत पत्रा काढला, वायर आखूड केली आणि डेककडून येणारी आवाजाची केबल लाल वायरीपासून सोडवून गाडीच्या दुसऱ्या बाजूने नेली. मग आम्ही दोघं अटल सेतूवरून शिवडीपर्यंत जाऊन आलो. समुद्रावर काचा बंद करून ऐकलेल्या लताबाईंच्या आवाजातला श्वाससुद्धा ऐकू येत होता.

परत येताना तो मोकळेपणी बोलू लागला. उरणला भाड्याचा गाळा बघून ठेवला आहे, पण काका, बँका आमच्यासारख्यांना उभ्या करत नाहीत, अशी त्याची तक्रार. २०१५ पासून मुद्रा योजना आहे, पन्नास हजारांपर्यंतचं शिशू कर्ज तारणाशिवाय मिळू शकतं, हे त्याला ऐकून माहीत होतं. कागद कोणते लागतात ते माहीत नव्हतं. ते मी त्याला त्याच्याच बिलाच्या मागे लिहून दिले. कामाचा हिशेब, गाळ्याचा करार, यंत्रांची कोटेशनं. सोमवारी मी त्याच्याबरोबर बँकेत जाणार आहे. मॅनेजरच्या गाडीत काहीही बसवून द्यायचं नाही, एवढं मात्र मी त्याला निक्षून सांगितलं आहे.